सोमालिया: शरियावर एकमत, मग भांडण कशाचं?

उंटावरचा शहाणा

दुसऱ्या एका धाग्यावर "सोमालियात शरिया लागू केली तर शांतता येईल का" यावरून बरीच जुंपली होती. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा मांडला जातो. कागदावर शरिया तिथे केव्हाच आलेली आहे. १ ऑगस्ट २०१२ ला ८२५ सदस्यांच्या सभेने हंगामी संविधान मंजूर केलं. ६२१ बाजूने, १३ विरोधात. कलम २ प्रमाणे इस्लाम हा राज्यधर्म, दुसऱ्या धर्माच्या प्रचाराला बंदी, आणि शरियाची सर्वसाधारण तत्त्वं व उद्देश यांच्याशी न जुळणारा कायदा करता येत नाही. कलम ४ तर सरळच सांगतं की आधी शरिया, तिच्यानंतर संविधान सर्वोच्च. त्याच्याही आधी, १८ एप्रिल २००९ ला संसदेने शरिया लागू करण्याचा ठराव एकमताने केला होता. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते शेख शरीफ अहमद, जे २००६ मध्ये इस्लामी न्यायालयांच्या संघाचे अध्यक्ष होते. अल-शबाब आणि हिज्बुल इस्लाम या सशस्त्र इस्लामी गटांनी तो ठराव धुडकावला आणि मे २००९ मध्ये त्याच सरकारला मोगादिशूतून हुसकावण्यासाठी हल्ला चढवला.

देशात जवळजवळ सगळे सुन्नी, सगळे शाफई मझहबाचे (सुन्नींच्या कायद्याच्या चार परंपरांपैकी एक). शरिया हवी की नको यावर कोणी लढत नाही. भांडण आहे ते काझी कोणी नेमायचा, निकालाची अंमलबजावणी कोणाच्या बंदुकीने व्हायची आणि त्या बंदुकीमागे कोणतं कूळ उभं आहे, याचं.

बोरूबहाद्दर

वाचनखूण साठवली. कुळांचं ते साडेचारचं सूत्र जरा फोड करून सांगा. वर्तमानपत्रात "४.५ फॉर्म्युला" एवढंच छापतात आणि पुढे जातात.

उंटावरचा शहाणा

चार मोठी कुळं: दारोद, हविये, दिर आणि दिगिल-मिरिफ्ले (रहनवेन). या चौघांना समान वाटा, आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. २००० साली जिबूतीतल्या आर्ता परिषदेत हे सूत्र पक्कं झालं. कनिष्ठ सभागृहात २७५ जागा आहेत. चार कुळांना प्रत्येकी ६१ म्हणजे २४४, आणि बाकीच्यांना ३१. सोमाली बांटू, बेनादिरी, गबोये अशा समाजांना त्या ३१ मध्येच बसवायचं. उत्तरेत १९९१ पासून वेगळा कारभार चालवणाऱ्या सोमालीलँडमधलं इसाक हे बलाढ्य कूळ दिरच्या वाट्यात धरलं जातं, यावरून इसाक मंडळी कायम धुसफुसत असतात.

२०१२ ते २०२२ च्या निवडणुकांत मतदान सामान्य माणूस करत नव्हता. २०१२ मध्ये १३५ कुलप्रमुखांनी खासदार निवडले. २०१६ मध्ये प्रत्येक जागेसाठी त्या कुळाचे ५१ प्रतिनिधी, म्हणजे देशभरात १४,०२५ मतदार. २०२१-२२ मध्ये ५१ चे १०१ झाले. हे खासदार आणि वरिष्ठ सभागृहातले ५४ सदस्य मिळून राष्ट्राध्यक्ष निवडत. १५ मे २०२२ ला हसन शेख मोहमूद यांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फार्माजो यांना २१४ विरुद्ध ११० असं हरवलं, ती हीच निवडणूक.

बिघडतं कुठे? १०१ मतदार म्हणजे विकत घेता येण्याजोगी संख्या. शिवाय ते १०१ कोण, हे कुलप्रमुख आणि राज्याचा अध्यक्ष मिळून ठरवतात. जागेला किमान दोन उमेदवार लागतात म्हणून दुसरा नावापुरता उभा केला जातो. त्याला तिथे मल्हीस म्हणजे नवरदेवाचा करवला म्हणतात. निकाल आदल्या रात्रीच सगळ्यांना माहीत असतो.

सांजवेळ

कुळांचं ठीक आहे, पण धार्मिक फूट अगदीच नाही असं वाटेल वरचं वाचून. शाफई सगळेच, पण आत मोठे तट आहेत.

जुना थर सूफी तरीकांचा, म्हणजे पंथांचा: कादिरिया, अहमदिया, सालिहिया. संतांच्या कबरी, तिथली वार्षिक झियारत (यात्रा), धिक्र (नामस्मरण). दुसरा थर १९७० नंतरचा. सौदीत आणि इजिप्तमध्ये शिकून आलेल्या तरुणांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. मुस्लिम ब्रदरहूडच्या वळणाची इस्लाह ही संघटना १९७८ ची. तिने शाळा, विद्यापीठं, धर्मादाय संस्था यांवर भर दिला. सलफी वळणाच्या (कबरपूजा वगैरे नाकारून मूळ इस्लामाकडे चला म्हणणाऱ्या) अल-इतिहाद अल-इस्लामीने १९९१ नंतर बंदूक हातात घेतली. १९९२ मध्ये बोसासो बंदर घेतलं, पण अब्दुल्लाही युसूफ यांच्या एसएसडीएफ या ईशान्येतल्या सशस्त्र संघटनेने त्यांना हाकललं. मग नैऋत्येच्या गेदो प्रांतातलं लूक गाव काही वर्षं चालवलं, ते १९९६ मध्ये इथिओपियाच्या फौजेने मोडलं.

या पराभवातून सलफींमध्येच फूट पडली. मोठ्या गटाने शस्त्र सोडून मशिदी, मदरसे आणि व्यापार यांत पाय रोवले. हाच आजचा इतिसाम. उरलेल्यांतले काही पुढे इस्लामी न्यायालयांत आणि अल-शबाबमध्ये गेले. म्हणून "सलफी म्हणजे शबाब" हे समीकरण साफ चूक. ईशान्येच्या पुंटलँड राज्यात, गारोवेत, फेब्रुवारी २०१३ मध्ये शेख अब्दुलकादिर नूर फराह यांना मशिदीत नमाज चालू असताना गोळ्या घातल्या. ते इतिसामचे मोठे सलफी विद्वान, आणि शबाबच्या विरोधात उघड बोलणारे.

दर्यावर्दी

सहमत, पण मग सूफी म्हणजे शांतताप्रिय हेही समीकरण टिकत नाही. १८९९ ते १९२० ब्रिटिशांशी लढलेले सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन स्वतः सालिहिया तरीकाचे सूफी. कादिरियांचे मोठे संत शेख उवैस अल-बरावी यांना १९०९ मध्ये मारलं ते सय्यदांच्याच अनुयायांनी. वाद मध्यस्थीचा होता: मेलेल्या संताकडे मागणं मागता येतं का? आज सलफी कबरी फोडताना जो मुद्दा काढतात, तोच तेव्हा एका सूफीने दुसऱ्या सूफीविरुद्ध काढला होता.

आणि अहलु सुन्ना वल जमा ही सशस्त्र संघटना सूफींचीच की. शबाबने कबरी उकरल्यावर २००८ च्या शेवटी त्यांनी मध्य सोमालियातल्या गलगदूदमध्ये शस्त्रं उचलली, गुरिएल आणि धुसमरेब परत घेतलं, इथिओपियाची मदत घेतली. तिथवर सगळे त्यांचं कौतुक करत होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच गुरिएलमध्ये ते सरकारी फौजेशी लढले. मुद्दा धर्माचा नव्हता, गलमुदुग राज्यात सत्तेचा वाटा किती याचा होता.

नावापुरता वकील

न्यायालयांचा विषय निघालाच आहे तर त्यांची घडण सांगतो, कारण २००६ चं यश आणि अपयश दोन्ही तिच्यात आहे.

जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बारे पळाल्यावर पोलीस नाहीत, कोर्ट नाही. १९९४ मध्ये उत्तर मोगादिशूत शेख अली धीरे यांनी पहिलं चालतं शरिया न्यायालय उभं केलं. रचना साधी: कुळातले वडीलधारे काझी ठरवतात, त्या भागातले व्यापारी पैसा पुरवतात, कुळातलीच पोरं शिपाई. व्यापाऱ्यांचा हिशेब सरळ होता, प्रत्येक नाक्यावर वेगळ्या सरदाराला पैसे देण्यापेक्षा एका न्यायालयाला देणं स्वस्त.

मर्यादाही तिथेच. हविये कुळातल्या अबगाल शाखेचं न्यायालय हब्र गिदिर शाखेच्या माणसाला धरू शकत नव्हतं. धरलं तर खटला राहायचा बाजूला आणि दोन शाखांत युद्ध पेटायचं. म्हणून आरोपी पळाला की आपल्या कुळाच्या गल्लीत जायचा, सुटला. संघ स्थापन करण्यामागे हे व्यावहारिक कारण होतं: एका न्यायालयाने दुसऱ्याचा आरोपी सोपवायचा. २००६ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या पैशावर सरदारांची आघाडी उभी राहिली, तिने या न्यायालयांना एकत्र लोटलं, आणि ५ जून २००६ ला राजधानी न्यायालयांच्या हातात आली. नाके उठले, ११ वर्षं बंद असलेला विमानतळ उघडला, मग बंदर.

सहा महिन्यांत सगळं कोसळलं. इथिओपियाची फौज हे कारण आहेच, २८ डिसेंबरला मोगादिशू पडलं. पण त्याआधीच चिरा दिसत होत्या. शेख शरीफ एक बोलत, संघातले दुसरे बडे नेते हसन दाहिर अवेस दुसरं, आणि शबाबची पोरं कोणाचंच ऐकत नव्हती. दक्षिणेतल्या किसमायो बंदरात खात (चघळायचा नशेचा पाला) बंद केला, तेव्हा तो विकणाऱ्या बाया रस्त्यावर आल्या. बहुतेक न्यायालयं हवियेंची असल्यामुळे दारोदांना ही शरियाच्या वेषातली हविये सत्ता वाटत होती. बायदोआतल्या संक्रमण सरकारचे अध्यक्ष अब्दुल्लाही युसूफ दारोदच.

बोरूबहाद्दर

मग आज शेख शरीफ कुठे, शबाब कुठे, एकाच घरातले ना हे?

नावापुरता वकील

एकाच घरातले. शरीफ राष्ट्राध्यक्ष झाले. न्यायालयांच्या काळात किसमायोचा कारभार पाहणारे अहमद मदोबे आज जुबालँड या दक्षिणेतल्या राज्याचे अध्यक्ष आहेत. शबाबचे एकेकाळचे उपप्रमुख मुख्तार रोबो २०१७ मध्ये सरकारकडे आले, २०१८ मध्ये बायदोआत निवडणुकीला उभे राहिले म्हणून अटक झाली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये धर्मखात्याचे मंत्री झाले. त्यामुळे "इस्लामवादी विरुद्ध सरकार" अशी मांडणी वाचली की मी पान उलटतो.

रानजाई

शरिया म्हटलं की स्त्रियांवर अन्याय एवढंच इथे डोक्यात येतं. तिथली गुंतागुंत वेगळी आहे, कारण तिसरा कायदा आहे: हेर, म्हणजे कुळांचा रूढ कायदा.

खुनाचं उदाहरण घ्या. दिया म्हणजे खुनाची भरपाई: पुरुषासाठी १०० उंट, बाईसाठी ५०. फिक्हप्रमाणे (इस्लामी धर्मशास्त्राप्रमाणे) खून जाणूनबुजून केला असेल तर मृताच्या वारसांपुढे तीन वाटा: किसास (जिवाला जीव), दिया किंवा माफी. दिया घेतली तर ती मारेकऱ्याने स्वतःच्या मालातून भरायची. चुकून मृत्यू झाला असेल तरच नातेवाईक मिळून भरतात. हेरमध्ये हा फरकच नाही. जाणूनबुजून असो की चुकून, सगळी भावकी भरते आणि घेणाऱ्या बाजूलाही भावकीच वाटून घेते. मारेकरी मोकळा. भावकी मोठी असेल तर उंट वसूल होतात. बांटू किंवा गबोये कुटुंबाचा माणूस मेला तर वसुलीला मागे बंदूक लागते, ती त्यांच्याकडे नसते.

बलात्कारात हेर बहुधा बाईच्या कुळाला भरपाई देऊन किंवा आरोपीशीच लग्न लावून मोकळा होतो. वारशातही तेच. शरियात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा नक्की असतो. हेरमध्ये उंट आणि जमीन यांतलं तिला बहुधा काहीच मिळत नाही. म्हणून तिथल्या कित्येक स्त्रिया हेरविरुद्ध शरियाचा आधार मागतात. आपल्याकडून बघताना हे उलटं वाटतं, पण त्यांच्या दृष्टीने निम्मं हे शून्यापेक्षा जास्त.

सांजवेळ

+१. याला १९७५ ची पार्श्वभूमी जोडायला हवी. सियाद बारे यांनी जानेवारी १९७५ मध्ये कौटुंबिक कायदा आणून स्त्री-पुरुषांना वारशात समान वाटा दिला. मशिदींतून विरोध झाला. २३ जानेवारीला दहा उलेमांना (धर्मपंडितांना) गोळ्या घालून मारलं. कायद्यामागचा विचार काहीही असो, समान हक्काची कल्पना तिथे त्या दिवसापासून हुकूमशहाच्या रक्ताने माखली गेली. उलेमांचे शिष्य आखातात पळाले आणि दहा वर्षांनी सलफी पुस्तकं घेऊन परतले. आज कोणतीही स्त्री-संघटना मोगादिशूत "समान वारसा" म्हणायला धजत नाही, त्यामागे ही आठवण आहे.

बोरूबहाद्दर

एक भाबडा प्रश्न. शबाब एवढे क्रूर, तर लोक त्यांच्याकडे निवाड्याला का जातात? मोगादिशूतले लोकसुद्धा जातात असं वाचलंय.

नावापुरता वकील

जातात. जमिनीच्या वादात विशेषतः. १९९१ नंतर लाखो लोक विस्थापित झाले, एकाच प्लॉटचे तीन-तीन कागद फिरतात. सरकारी कोर्टात तारखा पडत राहतात, पैसे दोन्ही बाजूंनी घेतले जातात, आणि निकाल लागला तरी ताबा मिळवून द्यायला पोलीस येत नाहीत. शबाबचं न्यायालय राजधानीबाहेर लोअर शबेलेत बसतं. फोनवर समन्स येतं. दोन्ही बाजूंचे साक्षीदार ऐकतात, थोड्या दिवसांत निकाल, आणि तो मोडला तर त्यांची गुप्तहेर शाखा, अम्नियात, दारात येते.

नाक्यांचंही तसंच. ट्रकवाल्याने शबाबच्या एका नाक्यावर मालाप्रमाणे कर भरला की पावती मिळते आणि ती पुढच्या त्यांच्या नाक्यांवर चालते. सरकारी बाजूच्या रस्त्यावर प्रत्येक गणवेशवाला वेगळे मागतो आणि पावती नाही.

रानजाई

थांबा, हे फार गोड होतंय. या "कार्यक्षम" न्यायाची दुसरी बाजू: ऑक्टोबर २००८, किसमायो. बलात्काराची तक्रार घेऊन गेलेल्या १३ वर्षांच्या मुलीलाच व्यभिचारी ठरवून दगडांनी ठेचून मारलं. शरियात व्यभिचार शाबीत करायला चार प्रत्यक्षदर्शी लागतात, अल्पवयीनाला हद्द (ठरलेली धार्मिक शिक्षा) लागत नाही, हे मदरशातल्या पहिल्या इयत्तेतला मुलगाही सांगेल. त्यांच्या न्यायालयावर अपील नाही, काझीला जाब विचारणारा कोणी नाही.

झकातचं, म्हणजे सक्तीच्या दानाचंही बघा. फिक्हमधले दर ठरलेले आहेत: ५ उंटांना एक शेळी, २५ उंटांना वर्षाची एक उंटीण, ४० शेळ्यांना एक, ३० गाईंना एक वासरू, रोकड आणि व्यापारी मालावर अडीच टक्के. ती कोणाला द्यायची ते आठ प्रकारचे हक्कदार कुराणात दिलेत. शबाब ती स्वतः वसूल करून युद्धात घालतात, दुष्काळातही सोडत नाहीत, वर लढायला मुलं मागतात. २०११ च्या दुष्काळात त्यांनी मदतसंस्थांना हाकललं. त्या दुष्काळात अडीच लाखांवर माणसं मेली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची मुलं.

उंटावरचा शहाणा

रानजाई, बरोबर, आणि २०२२ चा मध्य सोमालियातल्या हिरान प्रांताचा उठाव नेमका यावरच झाला. दुष्काळात कर, विहिरी उद्ध्वस्त, गावं जाळली. मग हवियेंच्या हवाद्ले शाखेच्या लोकांनी बंदुका काढल्या. लुंगीवर लढायला उतरले म्हणून त्यांना मअविसले म्हणतात. सरकारने मागून फौज दिली आणि माध्यमांना हुकूम सोडला की शबाबला खवारिज, म्हणजे धर्मातून फुटलेले बंडखोर, म्हणा. उलेमांचा फतवाही जुनाच: २०१३ मध्ये १६० विद्वानांनी मोगादिशूत शबाबविरुद्ध निवाडा दिला होता.

पण फतव्याने ठाणी टिकत नाहीत. ज्या कुळाने उठाव केला त्याच्या हद्दीत मोहीम जोरात चालली. हद्द ओलांडून दुसऱ्या कुळाच्या मुलखात गेल्यावर लोक विचारायला लागले, शबाब गेले तर इथे राहणार कोण, शेजारचं कूळ? ऑगस्ट २०२३ मध्ये ओस्वेन इथे तळावर जबर हल्ला झाला आणि घेतलेली गावं एकामागून एक सोडावी लागली.

दर्यावर्दी

सोमालीलँडचं कोणीच काढलं नाही. त्यांच्याही संविधानात शरियाविरोधी कायदा अवैध, म्हणजे कलम तेच. तरी तिथे १९९१ पासून वेगळं चाललंय. १९९३ मध्ये बोरामाला कुलप्रमुख महिनोन्‌महिने बसले, आधी चराऊ कुरणं आणि दियाची देणी मिटवली, मग ८२ जणांच्या गुर्तीला म्हणजे वडीलधाऱ्यांच्या सभागृहाला राष्ट्रीय सनदेत जागा दिली. हेर, शरिया आणि मतपेटी यांची हद्द आधी आखून घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विरोधी पक्षाचे अब्दिरहमान इर्रो जिंकले आणि सत्ता शांतपणे बदलली.

अवांतर: उत्तर-दक्षिण फरकात आपलाही हातभार आहे. ब्रिटिश सोमालीलँड १८९८ पर्यंत एडनमार्फत मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं आणि १९६० पर्यंत तिथे भारतीय दंडविधान चालायचं. दक्षिणेत इटालियन कायदा. एकीकरणानंतर दंडसंहिता इटालियन वळणाची झाली, ती उत्तरेच्या वकिलांना परकी वाटली.

सांजवेळ

गुर्तीला इतकंही डोक्यावर घेऊ नका. त्या सभागृहाची निवडणूक कधी झालीच नाही. २०२२ मध्ये त्यांनी स्वतःचीच मुदत पाच वर्षांनी वाढवली. आणि ही घडी इसाकांचं प्राबल्य आहे तिथवर बसते. पूर्वेकडच्या लास अनोदला धुलबहांते, म्हणजे दारोद. २०२३ मध्ये तिथे सहा-सात महिने लढाई होऊन सोमालीलँडची फौज बाहेर पडली.

बोरूबहाद्दर

आणि ते समुद्री चाचे? मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ३५ जण पकडून मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले होते. ते शबाबचे का?

दर्यावर्दी

नाही. चाचेगिरी हा किनाऱ्यावरच्या कुळांचा आणि भांडवल घालणाऱ्यांचा धंदा. उलट २००६ मध्ये न्यायालयांनी तो हराम ठरवून हरारधेरेतले अड्डे मोडले होते.

नावापुरता वकील

शेवटी आजच्या वादावर येऊ. ३० मार्च २०२४ ला संसदेने संविधानाची पहिली चार प्रकरणं बदलली: राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा, पंतप्रधान त्याने नेमायचा, मुदत पाच वर्षं. दुसऱ्याच दिवशी पुंटलँडने केंद्राची मान्यता काढून घेतली. त्यांचा आक्षेप धार्मिक नाही, आमच्या संमतीशिवाय केलंत हा आहे.

शरियाचा खरा पेच वयाच्या कलमात आहे. नव्या मजकुरात १५ वर्षांना प्रौढत्व आणि १८ वर्षांना पूर्ण जबाबदारी, अशी दोन वयं ठेवली. शाफई फिक्हमध्ये वयात आल्याची खूण नसेल तर १५ चांद्रवर्षं धरतात. मुलांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांना १८ हवे होते. दोघांना खूश करायला दोन आकडे. यापूर्वी २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं लैंगिक गुन्ह्यांचं विधेयक संसदेत अडवलं गेलं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्याजागी वयात आलेल्या मुलीच्या लग्नाला वाट देणारा दुसराच मसुदा पुढे आला. दोन्ही बाजूंनी शरियाच पुढे केली होती.

बोरूबहाद्दर

मग कोणता मसुदा शरियाशी जुळतो हे ठरवतं कोण?

नावापुरता वकील

२०१२ च्या मजकुराप्रमाणे संविधान न्यायालय. ते वर्षानुवर्षं स्थापनच झालं नाही. न्यायाधीश नेमायचे तर आधी न्यायिक सेवा आयोग हवा, आणि तिथेच गाडी अडली. तोवर ज्या सभागृहात ज्याचं बहुमत, त्याचा अर्थ खरा.